द्राक्षबागेतलं लग्न शूट करायचंय? मग आधी छाटणीची तारीख विचारा

परवा एका नवीन पोराचा फोन आला, दादा तासगावकडं द्राक्षबागेतल्या लग्नाची ऑर्डर आलीय, लेन्स कुठली नेऊ? म्हटलं लेन्स राहू दे बाजूला, बागेची छाटणी कधी झालीय विचारलास का? तो गप्प. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय, कारण आपल्या कोल्हापूरच्या पोरांना ऊस कळतोय पण द्राक्ष कळत नाही, आणि हल्ली तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागात बागेच्या कडेला लॉन करून लग्नं व्हायला लागलीत, पार नाशिकपर्यंत आपली टीम जायला लागलीय.

मी स्वतः पहिल्यांदा तोंडावर पडलोय ते मे महिन्यात. पार्टीनं मोबाईलवर नाशिकच्या बाजूचा कुठलातरी व्हिडिओ दाखवला, हिरवेगार घड लटकलेत, नवरा नवरी मधून चाललेत, तसंच पाहिजे म्हणाले. मी पण हो म्हणून बसलो. रेकी, म्हणजे आधी जाऊन जागा बघून येणं, केली नाही, कारण एप्रिलमध्ये रोज एक लग्न होतं. गेलो तर बागेत द्राक्ष सोडा, धड सावली पण नाही, तारा, लोखंडी अँगल आणि वीतभर कोवळी फूट. नवरीची आई मलाच विचारती, घड कुठं गेले? जसं काय मीच खाल्ले.

तर विषय असा आहे. आपल्याकडं द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. माल निघाला की एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यात सगळं कापून ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीपर्यंत आणतात आणि पुढच्या वर्षाच्या काड्या तयार करतात. आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिच्यातून घड येतात. तिथून बागायतदार दिवस मोजतो. तो महिना सांगत नाही, तो सांगतो "बाग एकशे दहा दिवसाची हाय". तुम्ही पण तसंच विचारायला शिका: काका, लग्नाच्या तारखेला बाग कितव्या दिवसाची असंल, आणि पाणी उतरलेलं असंल का? पाणी उतरणं म्हणजे कडक हिरवा मणी मऊ व्हायला लागतो आणि त्याला गोडी धरते. थॉमसनसारखी जात साधारण एकशे तीस दिवसाच्या पुढं मागं तोडायला येते. म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीचा हिशोब धरला तर फेब्रुवारी-मार्च हाच खरा काळ, माघ-फाल्गुनातला मुहूर्त असेल तर नशीब समजा. तुळशीचं लग्न झाल्या झाल्या, नोव्हेंबर-डिसेंबरात लग्न असेल तर पानांचा भरणा मस्त असतो पण घड अजून मिरीच्या दाण्याएवढ्या मण्यांचे, क्लोजअपला काही मजा येत नाही. आणि एप्रिल-मे असेल तर पार्टीला आधीच, ॲडव्हान्स घ्यायच्या आधीच सांगा की बाग नुसती बॅकग्राउंडला हिरवी रेघ म्हणून येईल, तीसुद्धा मे अर्धा सरल्यावर.

अजून एक विचारायचं, माल तोडून झालेला असेल का. फेब्रुवारीत लग्न आहे म्हणून आपण निवांत, आणि व्यापाऱ्यानं दर बरा दिला म्हणून मालकानं आठवडाभर आधी बाग मोकळी केली असं पण होतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही, त्याचं वर्षाचं पीक आहे ते. लॉनचं भाडं त्याच्या हिशोबात चिल्लर. माझं तर म्हणणं असं की मालकाला विनंती करून लॉनजवळच्या चार ओळी लग्नापर्यंत राखायला सांगा, आणि ते बोलणं पार्टीनं करावं, आपण नाही, कारण पैशाचा विषय येतोच.

रेकीला जाल तेव्हा त्याच वेळेला जा ज्या वेळेला मुहूर्त आहे. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं छापलेलं असतंय, आणि आपण रेकीला जातो संध्याकाळी पाच वाजता, छान ऊन बघून खूश होऊन येतो. दुपारचा उजेड वेगळाच प्रकार आहे. बागेत शिरून आधी बघा की मांडव पद्धत आहे का वाय पद्धत. मांडव म्हणजे डोक्यावर सगळं छत, घड वरनं खाली लटकतात, आत सावली. वाय म्हणजे दोन्ही बाजूला हात पसरल्यासारखे अँगल आणि मधे आभाळ मोकळं, तिथं दुपारी बरोबर मधल्या पट्ट्यात ऊन आपटतं. ओळी बहुतेक करून उत्तर-दक्षिण असतात. याचा आपल्याला अर्थ काय, तर संध्याकाळी सूर्य पश्चिमेला म्हणजे ओळींच्या बाजूला असतो आणि दोन ओळींच्या मधे जाऊन उभं राहिलात तर ऊन तुमच्यापर्यंत पोचतच नाही, नुसती हिरवी अंधारी गल्ली. गोल्डन अवरचा, म्हणजे सूर्य बुडायच्या आधीच्या सोनेरी उन्हाचा शॉट पाहिजे तर बागेच्या पश्चिमेच्या बांधावर जोडप्याला घ्या, शेवटच्या ओळीवर ऊन थेट पडतं. फेब्रुवारीत आपल्याकडं साडेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा पाच-सव्वापाचला जोडपं बांधावर पाहिजे, आणि ते तसं कधीच नसतंय, आहेर चालू असतो. म्हणून मी आता जोडप्याचा शूट सकाळी घेतो, साडेसात ते नऊ, मेकअप लवकर करायला लावतो, शिव्या खातो, पण काम होतं. सकाळी बागेत दव असतंय, एसी गाडीतून किंवा एसी रूममधून कॅमेरा थेट बागेत नेला की लेन्सवर धुकं धरतं, पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच बाहेरच्या हवेला राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रंग. पानांच्या छताखाली चेहरा हिरवा होतो. डोळ्याला कळत नाही, मॉनिटरवर पण पटकन कळत नाही, एडिटला बसल्यावर कळतं की नवरी आजारी दिसतीय. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपणहून रंग ठरवणं, तर अजिबात नको, कॅमेरा जसा फिरेल तसा रंग फिरतो. बागेच्या आत शिरलात की पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, थोडा मॅजेंटा वाढवा, आणि चेहऱ्याच्या बाजूनं एक पांढरा थर्माकोल धरायला पोरगा ठेवा. मांडवाखाली दुसरा त्रास म्हणजे उन्हाचे कवडसे, नाकावर एक, डोळ्याखाली एक, आणि ते एक्सपोजरनं सुटत नाहीत. त्याला उपाय म्हणजे वरनं पांढरं कापड ताणायचं. आमच्याकडं डिफ्यूजर आहे पण एकदा विसरलो होतो तेव्हा गुरुजींच्या पिशवीतलं नवं धोतर मागून घेतलं, दोन मामांनी धरलं, झकास सॉफ्ट उजेड आला.

नवरीच्या साडीचं पण आधी विचारून ठेवा. हिरवा शालू असेल, वर हिरवा चुडा, तर हिरव्या बागेत नवरी गायब होते. तिला बागेच्या आत न घेता काळ्या मातीच्या वाटेवर घ्या, किंवा कॅमेरा खाली बसवून मागं आभाळ घ्या. लाल, राणी, केशरी असेल तर मग काय, नाद खुळा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर भगवे फेटे असतील तर ओळीच्या एका टोकाला उभं राहून सत्तर-दोनशेची लांबची लेन्स लावायची आणि वऱ्हाड समोरनं येऊ द्यायचं, त्या लेन्सनं ओळी एकमेकीजवळ ओढल्या जातात आणि हिरव्या बोगद्यातनं फेटे येतायत असं दिसतं. वाइड लेन्सचा मोह टाळा. वाइडनं अँगल दिसतात, तारा दिसतात, फवारणीचा टँक दिसतो, कोपऱ्यात उभा केलेला ब्लोअर दिसतो.

घडाचा क्लोजअप कसा घ्यायचा हे जातीवर आहे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन असली हिरवी-पिवळी द्राक्षं असतील तर सूर्य घडाच्या मागं ठेवा, मणी आतनं पेटल्यासारखे दिसतात, बी नसल्यामुळं तर आरपार. काळी असतील, शरद नाहीतर कृष्णा, तर मागनं उजेड देऊन काही उपयोग नाही, नुसते काळे गोळे दिसतात, त्यांना बाजूनं मऊ उजेड द्या म्हणजे वरची निळसर पावडर दिसते. आणि ही जी पावडर आहे ना, मण्यावरची पांढरट लव, तिला हात लावला की ती जाते आणि परत येत नाही, आणि व्यापारी माल बघतो तेव्हा पहिलं तेच बघतो. त्यामुळं नवऱ्यानं नवरीला द्राक्ष भरवायचा शॉट घ्यायचाच असेल तर मालकाकडनं एक घड तोडून विकत घ्या आणि तोच वापरा. कोल्हापुरी साज घडावर टाकून मॅक्रो घ्यायची फॅशन आलीय, ते तर अजिबात नको, साजाला मणी फुटले की रस लागतो आणि घडाचं वाटोळं होतं ते वेगळं. काही बागांत निर्यातीचा माल असतो तिथं घडांना पेपर गुंडाळलेले असतात, अख्खी बाग वर्तमानपत्रात. रेकीला हे दिसलं की पार्टीला लगेच फोटो पाठवा. पेपर सोडा म्हणून मालकाला म्हणू नका, मी एकदा म्हणालो होतो. "पावनं, शूटिंग करा, जेवा, पर घडाला हात लावायचा न्हाई," एवढंच बोलले काका, पण ज्या आवाजात बोलले तो अजून आठवतोय.

फवारणीचं पण विचारायचं. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या दिवसात, म्हणजे विशेष करून नोव्हेंबर-डिसेंबरात, फवारण्या सारख्या चालू असतात, पानांवर निळे-पांढरे डाग दिसतात आणि वास मारतो. लहान पोरं पानाला हात लावून तोंडात घालतात. आदल्या दिवशी फवारणी आहे का, कुठल्या ओळीत नाही, ते बघून जागा ठरवा. आणि ठिबक आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवायला सांगा. हे लई जण विसरतात. काळ्या मातीत ठिबक चालू असेल तर नवरीची हिल आत रुततीय, नवऱ्याची कोल्हापुरी चप्पल पाणी पिऊन फुगतीय, आणि जिंबलवाला, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा धरणारा, उलटं चालताना ठिबकच्या नळीत पाय अडकून खाली. ओळीतलं अंतर आठ-नऊ फूट असतं, त्यात जोडपं, जिंबलवाला, थर्माकोलवाला पोरगा आणि फुकट सल्ला देणारे दोन मित्र एवढेच मावतात. तेव्हा उलटं चालायचा शॉट असेल तर पाठीला धरून नेणारा माणूस पाहिजेच. डोक्याच्या उंचीवर तारा पण असतात, जिंबल वर उचलून फिरवायची सवय असेल तर जपून.

कलर स्मोक म्हणजे रंगीत धूर आणि कोल्ड पायरो म्हणजे ठिणग्यांचे कारंजे, बागेजवळ नाही म्हणजे नाही. स्मोकचा रंग जाऊन मालावर बसतो, आणि पक्ष्यांसाठी बाजूनं जुन्या साड्या आणि जाळ्या बांधलेल्या असतात, त्या वाळून कोळ झालेल्या असतात, ठिणगीला वेळ लागत नाही. इव्हेंटवाला म्हणेल काही होत नाही. त्याला म्हणा लिहून दे.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण त्याच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवताय म्हटल्यावर लागतं. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवर झोन बघायचा, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटापर्यंत, आणि आपलं उजळाईवाडीचं विमानतळ जवळ असलेल्या लॉनवर तर जास्तच नीट बघायचं. बागेत खरं सांगायचं तर उंच जाऊन काही दिसत नाही, नुसती हिरवी चादर. तीस-चाळीस फुटावरनं ओळींच्या दिशेनं सरळ पुढं, किंवा बरोबर डोक्यावरनं खाली बघत, एवढे दोन शॉट पुरतात. तेही पाहुणे यायच्या आधी, कारण एकदा पोरांना ड्रोन दिसला की सगळ्या फ्रेममध्ये हात वर करून टाटा.

आवाजाची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे खरं तर. बागेत वारा असतो, जनरेटर असतो, आणि माल पिकलेला असेल तर पक्षी हाकलायला कोणीतरी डबा वाजवत असतो नाहीतर आरोळ्या देत असतो. ऐन मंगलाष्टकात "हुर्र्याऽऽ" आलेलं माझ्याकडं रेकॉर्डिंग आहे. मालकाला सांगून त्या अर्ध्या तासापुरतं थांबवा. गुरुजींच्या माईकची लाइन मिक्सरमधनं वेगळ्या रेकॉर्डरला घ्या, नवऱ्याच्या शेरवानीला एक लेपल म्हणजे छोटा क्लिपचा माईक लावा, त्यावर केसाळ विंडशील्ड घाला, आणि डॉल्बीवाल्याशी सकाळीच चहा प्या. डॉल्बीवाला आपला झाला की अर्धं काम झालं, तो फक्त एवढं करतो की मंगलाष्टक चालू असताना टेस्टिंग करत नाही.

विधीला कॅमेरा कुठं लावायचा हे बागेत असो नाहीतर मंगल कार्यालयात, तेच आहे, पण एक फरक, मोकळ्या लॉनवर लोक चारी बाजूनं येतात. अंतरपाट खाली येतो तो क्षण दोन सेकंदाचा असतो, आणि नेमकं त्याच वेळेला अक्षता टाकायला सगळे हात वर जातात. एक कॅमेरा नवऱ्याच्या मामाच्या मागनं नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवरीच्या मामाच्या मागनं नवऱ्यावर, तिसरा वाइड स्टँडवर उंच, आणि दोन्ही मामांना आधी सांगून ठेवायचं की मामा, शेवटच्या मंगलाष्टकाला जागेवरनं हलायचं नाही. काही घरांत नवरीची आई अक्षता पडताना समोर थांबत नाही, बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालत बसते. चौथा माणूस असेल तर त्याला तिच्याकडं पाठवा, लांबनं, गुपचूप. मी एकदा तो शॉट घेतला होता, बागेच्या कडेला नळीवर बसलेली आई आणि मागनं सनई, त्या घरात अजून तेवढाच व्हिडिओ बघतात म्हणे. कानपिळी, सूनमुख हे चुकवू नका, सूनमुखाला आरशात मागची बाग येते, कोन जरा फिरवून बघा.

सेटिंगचं फार नाही सांगत. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट, शटर एक पन्नासांश सेकंद, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झ असल्यामुळं एलईडी लाइटला फ्लिकर येत नाही, आणि स्लोमोशनला ५० फ्रेम, शटर शंभर. दुपारच्या उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लागतोच, नाहीतर ॲपर्चर बंद करत बसाल आणि मागची पानं सगळी शार्प होऊन किचाट दिसेल. फोर के १०० एमबीपीएसला १२८ जीबीचं कार्ड साधारण पावणेतीन तास चालतं, तेवढ्यात विधी बसतो पण आहेर बसत नाही. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग होत असेल तर चालू ठेवा, आणि रात्री जेवायच्या आधी दोन हार्डडिस्कवर कॉपी. जेवायच्या आधी म्हणतोय, कारण नंतर हळदीच्या रात्री तांबडा-पांढरा झाल्यावर कोण लॅपटॉप उघडत नाही, मी पण नाही.

निघायचं गणित. कोल्हापूर ते तासगाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, नकाशा काय पण वेळ दाखवू दे, ऊस चालू असताना हातकणंगले, जयसिंगपूर, अंकली सगळीकडं डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, पहाटे अंधारात तर देवाचं नाव घेत चालवायचं. अडीच तास धरा. जयसिंगपुरात थांबून भडंग घेऊन ठेवा, बागेत आसपास काही मिळत नाही आणि आपलं जेवण साडेतीनला. चार्जिंगला लॉनवर पॉइंट असतो तो पण डेकोरेशनवाल्यानं पकडलेला असतो, स्वतःची लांब एक्स्टेन्शन न्या, बॅटऱ्या आदल्या रात्री घरीच भरून घ्या.

फेब्रुवारी-मार्चात गेलात आणि बाजूला बेदाण्याचं शेड दिसलं तर मालकाला विचारून आत डोकावून या. जाळ्यांच्या रॅकवर मजल्यावर मजले द्राक्षं वाळत घातलेली, खालच्या थरात हिरवी, वरती सोनेरी झालेली, मधनं तिरपा उजेड. जोडप्याला आत नेऊ नका, तिथं स्वच्छतेचा विषय असतो, पण तीन-चार शॉट नुसते घेतलेत तर फिल्मच्या सुरुवातीला हे लग्न कुठल्या गावातलं आहे ते न बोलता कळतं. हीच फिल्म नाशिकच्या वाइनरीवर असती तर हे शेड मिळालं नसतं, तिकडं टाक्या आणि पिंपं. वाइनची द्राक्षं पण बारीक मण्यांची, पार्टीला ती बघून वाटतं माल खराब आहे का काय, तेव्हा तिकडची ऑर्डर असेल तर हे आधी समजावून सांगा.

एडिटला बसलात की आधी हिरवा रंग खाली आणा. कॅमेऱ्यातला हिरवा आपल्या बागेच्या हिरव्यापेक्षा भडक असतो, त्याचं सॅच्युरेशन कमी करा आणि ह्यू म्हणजे छटा जराशी पिवळ्याकडं ढकला, मग चेहऱ्याची कातडी वेगळी धरून दुरुस्त करा. टीझर एक मिनिटाचा, आठवड्याच्या आत, कारण स्टेटसला टाकायची घाई सगळ्यांनाच. मोठी फिल्म वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्याशिवाय तीन तासाचा तो पूर्ण व्हिडिओ ज्यात प्रत्येक आत्या, प्रत्येक पाहुणा आहेर देताना दिसला पाहिजे. तो द्यावाच लागतोय, भावा, सिनेमॅटिक वगैरे आपल्या जागी, कोल्हापुरात आहेरात आत्या दिसली नाही तर फोन येतो.

आणि तो तीन तासाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर देताना १०८० पीमध्ये एच दोनशे चौसष्ट या जुन्या टीव्हीवर पण चालणाऱ्या फॉरमॅटला काढा, ४ जीबीच्या आतले तुकडे करून. फोर के दहा बिटची फाइल घरातल्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज देते, चित्र काळं, आणि मग रात्री दहाला फोन, तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून. मी आता दुकानातच एक जुना टीव्ही ठेवलाय, त्यावर चालला की मगच पाकिटात घालतो.